कमीत कमी दराचा मेंदू

सतीश ओव्हाळ दौंडमधल्या एका निमसरकारी कचेरीच्या भांडार विभागात होते, आणि ज्या माणसाची सव्वीस वर्षं भांडार विभागात गेली त्याला दुकानात जाऊन सरळ "हे द्या" असं म्हणता येत नाही. तिथं टाचण्यांचा डबा घ्यायचा तरी तीन दुकानांचे दर बंद पाकिटात मागवावे लागतात, पाकिटं चारचौघांसमोर फोडावी लागतात, दरांचा तौलनिक तक्ता करावा लागतो आणि तक्त्याखाली साहेबांपासून शिपायापर्यंत सह्या घ्याव्या लागतात. टाचण्या येईपर्यंत ज्या कागदांना त्या टोचायच्या ते कागद निकाली निघालेले असतात, ती गोष्ट वेगळी. पण खरेदीत चूक निघत नाही. ओव्हाळ भाऊसाहेबांच्या एकाही खरेदीवर आजवर लेखापरीक्षकाला लाल शाई वापरावी लागली नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता की तो लपवायचा प्रयत्नही ते करत नसत.

घरीही तेच. मिक्सर, गादी, छताचा पंखा, ललिताताईंची शाळेत जायची पर्स, सगळ्यांचे तक्ते एका फायलीत लावलेले होते.

"आणि मला बघायला आलात तेव्हा केला होता का तक्ता?" ललिताताईंनी एकदा विचारलं होतं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळं प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत समोर उभं राहायची त्यांना सवय होती.

"तेव्हा मी रोजंदारीवर होतो," भाऊसाहेब म्हणाले. "खरेदीचे नियम अजून वाचले नव्हते."

उत्तर प्रामाणिक होतं. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला ताटात फक्त भाकरी आणि ठेचा आला.

तर असा माणूस गेल्या दिवाळीत संगणकाच्या प्रोसेसरच्या मागं लागला.

निमित्त झालं प्राचीचं. भाऊसाहेबांची ही एकुलती एक मुलगी घरांचे नकाशे काढायचा कोर्स करून नुकतीच मोकळी झाली होती. नुसते रेषांचे नकाशे नाहीत. कागदावरच्या घराला संगणकावर भिंती चढवायच्या, खिडकीतून ऊन आत आणायचं, सोफ्याखाली सावली पाडायची आणि न बांधलेल्या घराचा फोटो काढल्यासारखं चित्र तयार करायचं. या कामाला संगणक जोरदार लागतो. घरातला जुना लॅपटॉप असलं एक चित्र करायला बसला की स्वयंपाक, जेवण, भांडी सगळं उरकायचं, तरी त्याची सावली सोफ्यापर्यंत पोचलेली नसायची. पुण्याच्या एका वास्तुविशारद बाईंनी प्राचीला घरबसल्या काम देऊ केलं होतं. अट एकच: स्वतःचा चांगला संगणक हवा.

"पप्पा, एवढं घेऊ या," प्राची म्हणाली. "प्रोसेसर इंटेलचा घ्या नाहीतर एएमडीचा घ्या. या किमतीत दोन्ही चालतात."

दोन्ही चालतात! भाऊसाहेबांच्या कानाला हे वाक्य सहनच झालं नाही. दोन वस्तू आहेत, दोन कंपन्या आहेत, दोन किमती आहेत, आणि म्हणे दोन्ही चालतात! मग भांडार विभाग कशासाठी आहे?

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोठा कागद घेतला, पट्टीनं उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि वर शीर्षक लिहिलं: 'संगणकाचा मेंदू: दर व कामगिरी यांचा तौलनिक तक्ता'. कोअर या शब्दाला त्यांनी 'गाभा' म्हटलं आणि थ्रेडला 'धागा'. सहा गाभे, बारा धागे. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वाकडी करून ते वाचलं आणि भाऊसाहेब हातमाग घेतायत अशी बातमी तासाभरात वरच्या मजल्यावर पोचवली.

तक्ता शंभर गुणांचा होता. किमतीला चाळीस, वेगाला चाळीस, विजेला दहा, आणि उरलेले दहा 'बाजारातील पत' या रकान्याला. हा रकाना भाऊसाहेब टाचण्यांच्या तक्त्यातही ठेवत. आठ दिवस खपून, इंटरनेटवर दिसतील तितके व्हिडिओ बघून त्यांनी गुण भरले आणि बेरीज केली. दोन्हींना साडेत्र्याऐंशी.

त्यांनी पुन्हा बेरीज केली. साडेत्र्याऐंशी.

दोघांना सारखेच गुण पडल्यावर काय करायचं याचा नियम कचेरीच्या पुस्तकात होता: फेरदर मागवावेत. तोवर दिवाळी संपली आणि एकाची किंमत नऊशेनं चढली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची बाराशेनं चढली आणि पहिल्याची उतरली. भाऊसाहेब खोडत होते, लिहीत होते, कागद खोडरबरानं पातळ होत चालला होता. नोव्हेंबर संपता संपता पुण्याच्या बाईंचा निरोप आला, की थांबणं शक्य नव्हतं, काम दुसऱ्या मुलीला दिलं आहे.

प्राचीनं जुना लॅपटॉप बंद केला, त्यावर रुमाल टाकला आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. भाऊसाहेबांना वाटलं, आता ती भांडेल. मग आपण समजावून सांगू, की चुकीची वस्तू एकदा घरात आली की जन्मभर ती वापरावी लागते. ते ज्या घरात वाढले होते तिथं तसंच होतं. पण ती भांडलीच नाही. त्यामुळं सगळं समजावणं त्यांच्या तोंडातच राहिलं.

आता वरच्या मजल्यावरच्या संपतआप्पांचं सांगायला हवं. आप्पा रेल्वेत इंजिनचालक होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी बोलताना अजून वाफ सोडतात. प्रोसेसरचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचायला अर्थातच वेळ लागला नाही.

"भाऊसाहेब, परोसेसर म्हंजी इंजान," आप्पा सोफ्यावर बसत म्हणाले. "तुमचा तो तक्ता बाजूला ठेवा. इंजान कागदावर कळत न्हाई, घाटात कळतं. आता मला सांगा, तुमी वढणार काय? माल का पाशिंजर?"

"घराचे नकाशे."

"म्हंजी माल. मग येक ध्यानात ठेवा. ह्या दोन कंपन्यातली येक गरम व्हती आन् येक व्हत न्हाई. आपल्या रविवारच्या भिशीत तो आयटीवाला जावई आल्ता, त्यानं सोता सांगितलं."

भाऊसाहेबांनी लगेच पेन काढलं. "कुठली गरम होते?"

आप्पांनी छताकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ते इसरलो. पण येक व्हती, हे नक्की."

इमारतीच्या सेक्रेटरी गिताबाई. त्यांचा मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत होता, म्हणून यंत्रांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा समजला जाई. त्यांनी जिन्यातच सांगितलं, "आमच्या पोराच्या कंपनीत समदे कॉम्प्युटर काळ्या रंगाचे हायेत. तुमी काळाच घ्या." हा सल्ला कुठल्या रकान्यात बसवावा हे भाऊसाहेबांना कळेना, पण नाकारताही येईना, कारण पाण्याच्या टाकीची किल्ली गिताबाईंकडं असते.

जानेवारीत दैव दुसऱ्यांदा दारात आलं. पुण्याच्या बाईंकडची ती दुसरी मुलगी लग्न करून बंगळुरूला गेली, आणि बाईंनी प्राचीला पुन्हा फोन केला. सोमवारी सकाळी अकरा वाजता त्या एका बंगल्याचा नकाशा पाठवणार होत्या. संध्याकाळपर्यंत चित्रं तयार हवीत. जमलं तर काम पक्कं, नाही जमलं तर पुन्हा विचारणार नाही. हा फोन आला बुधवारी.

त्या रात्री प्राची भाऊसाहेबांच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. "पप्पा, दोन्हींतला जो हरेल ना, तो मला द्या. पण शनिवारपर्यंत द्या."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दर मागवले.

दर मागवायला दोनच दुकानं होती; तिसरं शोधायला दिवस उरला नव्हता. एक दौंडात, हृतिक नावाच्या पंचवीस वर्षांच्या पोराचं. पुढं झेरॉक्स, मागं कॉम्प्युटर. दुसरं शिरूरला, ललिताताईंच्या चुलतभावाचं, रविराजचं. मेहुण्याला डावलून खरेदी केली तर ललिताताईंच्या माहेरी पुढची दहा लग्नं भाऊसाहेबांना पाठीमागच्या पंगतीत जेवावं लागलं असतं. आणि मेहुण्याकडूनच सगळं घेतलं तर ती वशिलेबाजी झाली असती. त्यांनी दोघांनाही बंद पाकिटात दर द्यायला सांगितले. हृतिकनं दर व्हॉट्सॲपवर पाठवले. भाऊसाहेबांनी ते न बघता पुसून टाकले आणि दुकानात जाऊन त्याला पाकीट विकत घेऊन दिलं.

"काका, आत काय लिव्हू?" हृतिक म्हणाला. "प्रोसेसर कुठला घेणार ते तर सांगा."

"प्रत्येक वस्तूचा तुझा कमीत कमी दर लिही. प्रोसेसर वेगळा, मदरबोर्ड वेगळा, डबा वेगळा. बाकी तुला काय करायचंय?"

शुक्रवारी संध्याकाळी संपतआप्पांच्या साक्षीनं पाकिटं फुटली. सगळ्या प्रोसेसरांत रविराजकडचा इंटेलचा स्वस्त निघाला, मदरबोर्ड हृतिककडं, आणि बाकीचं सामानही हृतिककडं. भाऊसाहेबांनी नियमानं प्रत्येक ओळीतल्या कमीत कमी दराला लाल गोल केला. दोन्ही दुकानांना न्याय मिळाला, मेहुण्याचा मान राहिला, वर चारशे तीस रुपये वाचले. इतका सुंदर तक्ता सव्वीस वर्षांत झाला नव्हता. त्यांनी तो दोनदा लांब धरून बघितला.

रविराजनं प्रोसेसर शनिवारी सकाळच्या गाडीनं ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. भाऊसाहेब उरलेलं सामान आणायला हृतिककडं गेले.

"काका, बोर्ड काढून ठेवलाय. पण प्रोसेसर कंच्या कंपनीचा घेतला?"

इथं जरा थांबायला हवं. त्याच क्षणी भाऊसाहेबांनी तीन अक्षरी उत्तर दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण भाऊसाहेब ताठ झाले. एका दुकानदाराचा माल दुसऱ्याला सांगायचा, हे भांडार विभागात पाप समजतात.

"ती माहिती गोपनीय आहे," ते म्हणाले.

हृतिकनं त्यांच्याकडं पाहिलं, बोर्डाच्या खोक्याकडं पाहिलं, खांदे उडवले आणि बिल केलं.

घरी खोकी उघडली गेली. प्राची कोर्समध्ये हे शिकली होती, पण ती आंघोळीला गेली होती आणि संपतआप्पा आले होते. एका यंत्राभोवती दोन पुरुष उभे असले की बाईमाणूस आंघोळ करून येईपर्यंत थांबायची पद्धत आपल्याकडं अजून पडलेली नाही. प्रोसेसर हा तळहातावर मावणारा चौकोनी पत्रा. बोर्डावर त्याच्यासाठी चौकोनी जागा. भाऊसाहेबांनी पत्रा जागेवर ठेवला. तो बसेना. फिरवून ठेवला. बसेना. खाली बारीक बारीक शेकडो भोकं, आणि पत्र्याला मात्र त्यात जायला एकही काटा नाही.

"कोरडं हाय," आप्पांनी निदान केलं. "ग्रीस दिलं न्हाई तुमी."

सामानात खरोखरच एक राखाडी मलमाची ट्यूब होती. ते मलम प्रोसेसरच्या पाठीवर मुगाच्या दाण्याएवढं लावतात, म्हणजे तो थंड राहतो. पण आप्पांनी एकतीस वर्षं इंजिनाला जसं ग्रीस दिलं होतं, तसंच दिलं. अख्खी ट्यूब त्या भोकांत गेली. वरून त्यांनी अंगठ्यानं लिंपून घेतलं.

प्राची केस पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

"पप्पा," ती अगदी हळू म्हणाली, "हा बोर्ड एएमडीचा आहे."

"बरं मग?"

"प्रोसेसर इंटेलचा आहे."

"बरं मग?"

"एकाच्या बोर्डावर दुसऱ्याचा बसत नाही, पप्पा. कधीच नाही."

भाऊसाहेबांनी तक्त्याकडं पाहिलं. तक्त्यात सतरा रकाने होते. 'एकमेकांत बसते काय?' हा रकाना त्यांत नव्हता.

"म्हंजी मीटरगेजचं इंजान ब्रॉडगेजवर," आप्पा हात पुसत म्हणाले आणि आपल्या घरी गेले. जाताना दार लावून घेण्याचा समजूतदारपणा मात्र त्यांनी दाखवला.

भाऊसाहेबांनी दोन्ही दुकानांना फोन लावले. "दाजी, तुमाला न्हाई म्हणवत न्हाई," रविराज शिरूरहून म्हणाला, "पण खोकं फोडलं की प्रोसेसर कंपनी परत घेत न्हाई. त्यापरीस माझ्याकडं त्याला बसणारा बोर्ड हाय, तो न्या." हृतिकनं बोर्डाचा फोटो मागवला. फोटो गेला. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं: "काका, ह्यात काय सांडलंय?"

आता पुढचं घडलं ते कुणाच्याही चुकीनं घडलं नाही, सगळ्यांच्या कर्तव्यदक्षतेनं घडलं. रविवारी सकाळी सात वाजता भाऊसाहेब कुणालाही न उठवता शिरूरच्या एसटीत बसले. प्रोसेसर खिशात, रुमालात गुंडाळलेला. चूक आपली आहे, निस्तरायचीही आपणच, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं घरात सांगायची त्यांना सवय नव्हती. वाटेत उसाची ट्रॉली आडवी झाली होती. रस्त्यावर ऊस, पलीकडं गाड्यांची रांग, आणि उतरलेले प्रवासी फुकटचा ऊस खात बसलेले. भाऊसाहेबांनी वेळ जावा म्हणून दोन प्रोसेसरांची तुलना करणारा आणखी एक व्हिडिओ लावला. व्हिडिओतल्या माणसानं चाळीस मिनिटं बोलून निष्कर्ष काढला की, तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. त्यानंतर मोबाइलची बॅटरी संपली.

इकडं ललिताताईंनी आठ वाजता फोन लावला, बंद. नऊ वाजता लावला, बंद. दहा वाजता त्यांनी पदर खोचला. "हे गेलेत कुठंतरी नियमाचं पुस्तक बघायला," त्या प्राचीला म्हणाल्या. "बोर्ड घे. चल."

हृतिकचं दुकान रविवारी बंद असतं. ललिताताईंनी ते उघडायला लावलं. चौथीत हृतिक त्यांच्याच हाताखाली होता. त्यानं दोन तास ब्रश आणि स्पिरिट घेऊन एकेका भोकातून आप्पांचं ग्रीस काढलं, आणि बोर्ड जिवंत निघाला. मग ललिताताईंनी विचारलं, "ह्याला बसणारा प्रोसेसर आहे ना? दे. किती गाभे, किती धागे, मला काही सांगू नकोस." दुपारी दोनला हृतिक घरी येऊन डबा जोडून, एएमडीचा प्रोसेसर बसवून, संगणक सुरू करून चहा पीत होता. पडदा उजळला तेव्हा प्राचीनं आईला मिठी मारली.

आणि अडीच वाजता खाली हॉर्न वाजला. रविराजची व्हॅन होती. भाऊसाहेब बोर्डाचं खोकं छातीशी धरून उतरले, आणि मागून रविराजनं काळा डबा, कीबोर्ड, तारा, असं अख्खं बिऱ्हाड काढलं.

"ताई!" तो जिन्यातूनच ओरडला. "दाजी नुसता बोर्ड मागत व्हते. म्हणलं, ताईच्या घरी अर्धा माल न्यायचा व्हय? वाटंत अजून गाड्यांची रांगच व्हती, तवा गाडीतच जोडून टाकला समदा. रेडी हाय!"

भाऊसाहेब दारात आले. समोर टेबलावर चालू संगणक. शेजारी हातात कप घेतलेला हृतिक. त्याच्याशेजारी बायको.

"हा कुणी आणला?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मी," ललिताताई म्हणाल्या. "आणि तो?"

"मी."

"फोन का बंद होता?"

"व्हिडिओ बघत होतो."

"कशाचा?"

छातीवरचं खोकं रिकामं आहे, त्यातला बोर्ड केव्हाच व्हॅनमध्ये डब्यात बसवलाय, हे भाऊसाहेबांच्या आत्ता लक्षात आलं. ते त्यांनी हळूच सोफ्यामागं ठेवलं. वाचवायचे होते चारशे तीस रुपये, आणि दीड खोलीएवढ्या हॉलमध्ये आता दोन संगणक होते. भाऊसाहेबांना सव्वीस वर्षांत पहिल्यांदा लेखापरीक्षकाची लाल शाई डोळ्यांपुढं दिसली. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवायही दोन्ही डबे स्पष्ट दिसत होते.

दोन्ही दुकानदार मात्र एकमेकांकडं बघत होते.

"दादा, तुमचा इंटेल व्हय?" हृतिक म्हणाला. "चांगला हाय. पण ह्याच्यापुढं..."

"ह्याच्यापुढं काय?" रविराजनं बाह्या सावरल्या.

अशी ती शर्यत ठरली. संपतआप्पा खाली आले, त्यांच्याकडं नोकरीतलं घड्याळ होतं. गिताबाई आल्या, त्यांना काळा डबा कुणाचा ते बघायचं होतं. दोन्ही काळेच निघाल्यावर त्या समाधानानं बसल्या. दुसऱ्या संगणकाला पडदा नव्हता, म्हणून तो टीव्हीला जोडला. प्राचीनं दोन्हीवर तोच नकाशा घातला. तिच्या कोर्समधलं तीन खोल्यांचं घर, अंगणात चाफा. आप्पांनी हिरवा रुमाल हलवला.

भाऊसाहेब खुर्चीतून कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. दोन पडद्यांवर दोन घरं उगवत होती. भिंती आल्या, फरशी आली. टीव्हीवर दार आधी आलं, तर टेबलावर खिडकी. खिडकीतून ऊन आलं. रविराज आणि हृतिक मुठी आवळून उभे. इतक्या दिवसांचं उत्तर आता पाच-सात मिनिटांत मिळणार होतं, आकडे नाहीत, व्हिडिओ नाही, प्रत्यक्ष डोळ्यांसमोर! सोफ्याखाली सावली सरकायला लागली, आणि भाऊसाहेबांनी पेनचं टोपण काढलं.

त्याच वेळी आत ललिताताईंनी जावयासारखं आदरातिथ्य दोघांनाही करायचं म्हणून मिक्सर लावला.

फट् असा आवाज झाला आणि घरातलीच नव्हे, अख्ख्या इमारतीची वीज गेली.

अंधार पडला नाही, कारण दुपारचे साडेतीन वाजले होते. पण दोन्ही घरं गेली. चाफ्यासकट.

"ड्रॉ," आप्पा म्हणाले आणि घड्याळ खिशात टाकलं.

"जिंकत व्हतो मी!" रविराज आणि हृतिक एकाच वेळी ओरडले. गिताबाईंनी तिथंच बसून नोटीस लिहिली: 'सदनिका क्रमांक सहामध्ये परवानगीशिवाय यंत्रांची शर्यत घेतल्याने सोसायटीचा फ्यूज उडाला. खुलासा करावा.' भाऊसाहेबांनी आयुष्यभर लोकांकडून खुलासे मागवले होते. त्यांच्याकडून मागवलेला हा पहिला. तो त्यांनी तीन प्रतींत दिला.

सोमवारी सकाळी वीज होती. अकराला नकाशा आला. प्राचीनं टेबलावरचा जो होता तोच लावला आणि कामाला बसली. कुठल्या कंपनीचा, ते बघायला तिला सवड नव्हती. भाऊसाहेब कचेरीत गेले, पण त्यांचं लक्ष फायलीत नव्हतं. पाच वाजता फोन आला. "पप्पा, पाठवली चित्रं. बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यापासून दोन घरं पाठवू का?" भाऊसाहेब 'बरं' म्हणाले. मग फोन ठेवून ते भांडाराच्या कोठीत गेले आणि टाचण्यांच्या डब्यांकडं तोंड करून थोडा वेळ उभे राहिले.

दोन घरांची चार झाली. एकटीला आवरेना, तेव्हा प्राचीनं कोर्समधल्या मैत्रिणीला बोलावलं. करिश्मा तिचं नाव. मांडवगण फराट्याची, वडलांची शेवंतीची शेती, आणि ती रोज एसटीनं दौंडला येऊन दुसऱ्या संगणकावर बसू लागली. गिताबाईंनी 'व्यावसायिक वापर' या विषयावर आणखी एक नोटीस दिली आणि मुलाच्या नव्या घराचं चित्र प्राचीकडून फुकट करून मिळाल्यावर मागं घेतली. हॉलमध्ये आता पाहुणे आले तर त्यांना स्वयंपाकघरात बसवावं लागे. पण दोन पोरी, दोन पडदे आणि पडद्यांवर दिवसाला दोन-दोन न बांधलेली घरं, असं चाललं होतं.

भाऊसाहेबांनी एक महिना कळ काढली. मग मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी ते दोघींच्या मागं येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात एक छोटी वही होती. गेले पंधरा दिवस त्यांनी गुपचूप वेळा टिपल्या होत्या. इंटेलवर काम आधी संपत होतं, रोज, साधारण अर्ध्या-पाऊण तासानं. म्हणून सोमवारी त्यांनी पोरींना काहीतरी निमित्त सांगून जागा बदलायला लावल्या होत्या. तेव्हापासून एएमडीवर काम आधी संपत होतं. रोज, साधारण अर्ध्या-पाऊण तासानं.

"मला एकच सांगा," भाऊसाहेब म्हणाले. आवाजात चार महिन्यांचा शीण होता. "तुम्ही दोघींनी दोन्ही वापरून बघितलेत. मी काही कुणाला नावं ठेवणार नाही, तक्ताही करणार नाही. पण यातला फास्ट कुठला?"

प्राचीनं पडद्यावरून नजर काढली नाही. "करिश्मा," ती म्हणाली.

"अगं, मी मशीनचं विचारतोय."

"मी पण तेच सांगतेय, पप्पा. ती कुठल्याही मशीनवर बसली तरी माझ्याआधी उठते."

करिश्मा लाजली. तिचा हात मात्र थांबला नव्हता. पडद्यावर कुणाच्यातरी व्हरांड्यात झोपाळा टांगला जात होता. "तसं काय न्हाई, काका," ती म्हणाली. "साडेपाचची एसटी चुकली की मग सातशिवाय गाडी न्हाई. घरी समदे वाट बघत्यात. म्हणून जरा उरकते."

भाऊसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. पाच वाजून अठरा मिनिटं झाली होती. त्यांनी वही खिशात घातली, खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली आणि म्हणाले, "झोपाळा होऊ दे नीट. मी सोडतो तुला स्टँडवर."